लाल बटण एकशे पंधरावर होतं

टेबलाखाली शिरून मी आधी वास घेतला. सडक्या मासळीसारखा वास. कम्प्यूटर दुरुस्त करणाऱ्याला हा वास कळला की अर्धं निदान झालं. आत कुठेतरी कपॅसिटर फुटलाय.

दारातून कुणीतरी विचारलं, "इंजीनियर साहब अभी तक आए नहीं?"

"आए हैं," रेखा दीदी म्हणाली. "मेज़ के नीचे हैं।"

ते साहब म्हणजे मी. लखनऊमध्ये डेस्कटॉप दुरुस्त करणारी मुलगी लोकांना अजून पटत नाही. वडील बख्शी का तालाबच्या एअरफोर्स स्टेशनवर होते, निवृत्तीनंतर इथेच राहिले. घर मूळचं तासगावचं. मी त्रिवेदीजींच्या छोट्या कंपनीत आहे. आमचं काम AMC चं. म्हणजे वर्षाचा करार करायचा आणि वर्षभर त्या ऑफिसचे कम्प्यूटर चालते ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी मी कॉलनीत पत्रकं वाटते. कधी पाण्यासाठी, कधी विजेसाठी, कधी कंत्राटी कामगारांसाठी. ती लिहितेही मीच. हे सांगतेय कारण पुढच्या गोष्टीत दोन्ही कामांचा संबंध आहे. अभिमानाने सांगण्यासारखं त्यात काही नाही.

हे ऑफिस एका संशोधन संस्थेच्या प्रकल्पाचं. आमच्याच कॉलनीत, विकास नगरमध्ये, भाड्याच्या घरात. संस्थेच्या आवारात जागा नव्हती, म्हणून इकडे टाकलेलं. वर ठोसर सर, मूळचे नागपूरचे, मातीवर काम करणारे शास्त्रज्ञ. खाली रेखा दीदी, कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. गावोगावच्या शेतांतून मातीचे नमुने यायचे, त्यांचे आकडे ती भरायची. तीन हंगामांचे आकडे या एका डेस्कटॉपवर होते. तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं आणि नवं होणार की नाही हे सरांच्या एका कागदावर ठरणार होतं. ती मला दर खेपेला तेच विचारायची. "बिटिया, सर कुछ कह रहे थे क्या?" सर मला कशाला सांगतील? पण सर आणि मी मराठीत बोलायचो, त्यामुळे तिला वाटायचं की आत काहीतरी ठरत असणार.

त्या दिवशी दुपारी वीज गेली होती. दोन तासांनी आली, तेव्हा कम्प्यूटरमधून फटाक्यासारखा आवाज झाला. त्यानंतर बटण दाबलं तरी काही नाही. दिवा नाही, पंखा नाही.

मी मल्टिमीटर काढला. भिंतीतल्या प्लगमध्ये दोनशे छत्तीस व्होल्ट. उत्तम. इतकी चांगली वीज मी या घरात कधी मोजली नव्हती. केबल बदलून पाहिली, फरक नाही. मग कॅबिनेट फिरवलं आणि मागून टॉर्च मारला.

जुन्या डेस्कटॉपच्या मागे, केबल लागते तिथे, नखाएवढं लाल सरकतं बटण असतं. त्यावर एका बाजूला २३० आणि दुसऱ्या बाजूला ११५ लिहिलेलं. काही देशांत वीजच एकशे दहा-वीस व्होल्टची असते, त्यांच्यासाठी ती सोय. आपल्याकडे ते २३० वर ठेवायचं आणि विसरायचं. ११५ वर ठेवलं की आतला भाग आलेलं व्होल्टेज दुप्पट करून घेतो. त्या अवस्थेत पूर्ण वीज आली तर काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

बटण ११५ वर होतं.

मी टॉर्च बंद केला. रेखा दीदी वाकून माझ्याकडे बघत होती.

"वही है न?" ती हळूच म्हणाली. "मैंने सुबह किया था। जैसे आपने बताया था।"

हो. मीच सांगितलं होतं.

लखनऊच्या जूनमध्ये सगळे कूलर आणि एसी एकदम चालतात. आमच्या कॉलनीत दुपारी व्होल्टेज एकशे चाळीसवर यायचं. एवढ्यावर डेस्कटॉप सुरूच होत नाही. ऑफिसा-ऑफिसातून फोन यायचे आणि सगळीकडे जायला आम्ही तिघंच. मग त्रिवेदीजींच्या दुकानात वर्षानुवर्षं चालत आलेला इलाज होता. फोनवरच सांगायचं: मशीन बंद करा, मागचं लाल बटण ११५ कडे सरकवा, मग चालू करा. संध्याकाळी व्होल्टेज वर यायच्या आत परत २३० वर. मशीन चालतं. कस्टमर खूश. फेरी वाचते. मला हे त्रिवेदीजींनी पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं, मी मे महिन्यात रेखा दीदीला सांगितलं. तिने ते पूजेसारखं पाळलं. एका वहीत रोज लिहायची: इतक्या वाजता ११५, इतक्या वाजता २३०. एक दिवस चुकली नाही.

चुकले मी. विकास नगरचा हा ट्रान्सफॉर्मर बदला, म्हणून आम्ही तीन महिने पत्रकं वाटत होतो. त्याच आठवड्यात तो बसणार हे मला माहीत होतं. वीज खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याने मला स्वतः सांगितलं होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, ग्रुपवर टाकलं, टाळ्यांची चित्रं घेतली. ज्या ज्या ऑफिसात मी लाल बटण सरकवायला लावलं होतं, तिथे एक फोन केला नाही. डोक्यातच आलं नाही. दुपारी वीज गेली ती नवा ट्रान्सफॉर्मर जोडायला. आली ती पूर्ण दाबाने. कॉलनीत पहिल्यांदा दिवे नीट पेटले आणि रेखा दीदीच्या टेबलाखाली धूर निघाला.

मी जिन्यात जाऊन आधी बाकीच्यांना फोन केले. चार ठिकाणी अजून बटण ११५ वर होतं. मशीनचे प्लग बंद होते म्हणून ती वाचली. मग आत येऊन कॅबिनेट उघडलं.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कम्प्यूटरला झेपेल अशी बारीक करून देणारी पत्र्याची पेटी. ती सुटी करून तपासायची एक साधी रीत आहे. तिच्या जुडग्यातली हिरवी तार आणि एक काळी तार कागदाच्या पिनने जोडायची. पंखा फिरला तर जीव आहे. नाही फिरला. आत दोन कपॅसिटर पोट फाटून पडले होते.

माझ्या बॅगेतला दुसरा एसएमपीएस लावला. आता पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळी. रॅम काढून पुसून घातली. मदरबोर्डवरचा बटणसेल काढून पुन्हा बसवला. सगळ्या केबल सोडवून फक्त आवश्यक तेवढंच जोडलं. तरी काळी. स्वस्तातला एसएमपीएस एकटा मरत नाही. जाताना मदरबोर्ड घेऊन जातो.

"डेटा?" ठोसर सर मागे येऊन उभे होते. चहाचा कप हातात, पण पीत नव्हते. "अश्विनी, मदरबोर्ड खड्ड्यात गेला. डेटा सांग. शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय मला."

"बॅकअप कुठेय सर?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह आहे."

"त्यात कधीपर्यंतचं?"

रेखा दीदीने सांगितलं, "पिछली बरसात तक का। मैंने दो बार कहा था सर से। सर ने कहा, पेनड्राइव में डेटा बाहर नहीं जाना चाहिए।"

"आप ज़रा बाहर बैठिए," सर तिला म्हणाले. अगदी अदबीने. लखनऊमध्ये माणसाला बाहेर काढतानाही 'आप' म्हणतात.

मी हार्ड डिस्क काढून तिला वेगळ्या अडॅप्टरवर घेतलं. फिरली नाही. कानाला लावली, आवाज नाही. सर खुर्चीत बसले. मी डिस्कखालची हिरवी पाटी उलटी करून भिंगातून पाहिली. तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग असतो, टीव्हीएस डायोड. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या सगळ्यांना वाचवतो. तो असा आडवा पडला की डिस्क फिरत नाही, पण डिस्क मेलेली नसते. मीटर लावला, तो शॉर्टच होता. सोल्डरिंग आयर्न तापवलं, तो दाणा उचलून बाजूला केला. हे कायमचं नव्हे. त्यानंतर डिस्कला कसलंच संरक्षण उरत नाही. एकदाच चालवायची, सगळं उतरवून घ्यायचं आणि तिला निरोप द्यायचा.

डिस्क फिरली. फोल्डर दिसले. तिन्ही हंगाम, नीट नावं दिलेले, गाववार. फाइलींच्या नावांत एक चूक नव्हती. असा डेटा मी मोठमोठ्या ऑफिसांत पाहिलेला नाही.

कॉपी व्हायला दीड तास लागला. त्या दीड तासात रिपोर्टचा प्रश्न निघाला.

आमच्या कॉल रिपोर्टच्या, म्हणजे दर दुरुस्तीनंतर भरायच्या कागदाच्या, तीन प्रती असतात, कार्बन घालून. एक संस्थेला, एक कंपनीला, एक ऑफिसला. त्यात बोटभर रुंदीचा एक रकाना आहे: खराबी का कारण. मी त्रिवेदीजींना फोन लावला.

"यूज़र मिसहैंडलिंग लिख दो," ते म्हणाले.

"फ़ोन पर मैंने बताया था। और मुझे आपने सिखाया था।"

"सिखाया था बिटिया, लिखवाया तो नहीं था।"

"उनकी नौकरी चली जाएगी।"

"और AMC गई तो हम तीनों की। तुम पर्चे लिखती हो न, तो समझो। यह पर्चा नहीं है।"

मी फोन ठेवला. सरांनी ऐकलं होतं. ते मराठीवर आले.

"हे बघ, मिसहँडलिंग नको लिहू. तेही बरं नाही दिसत. ऑडिटवाले विचारतील, यूपीएस कुठे होता. त्याची बॅटरी सहा महिने मेलेली आहे, तुला माहितीये. काहून उगाच वाढवून राहिली तू? तू आपल्यातली. मराठी मंडळाच्या गणपतीत तुझी आई माझ्या बायकोसोबत बसून मोदक वळते. मी तुला खोटं लिहायला सांगतोय का? साधं लिही ना. व्होल्टेज. व्होल्टेजची नोकरी जात नसते."

मला ते पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण पटलं. कंपनी वाचते, सर वाचतात, रेखा दीदी वाचते, मीही वाचते. खोटंही नाही. व्होल्टेजनेच तर जळलं. मी लिहिलं: व्होल्टेज फ़्लक्चुएशन के कारण SMPS व मदरबोर्ड ख़राब। डेटा सुरक्षित।

बाहेर जाऊन रेखा दीदीला वाचून दाखवलं. तिने दोनदा ऐकलं. "मेरा नाम कहीं नहीं है न?"

"कहीं नहीं।"

खाली 'यूज़र के हस्ताक्षर' म्हणून तिची सही लागते. तिने केली. पूर्ण नाव, सुवाच्य. जाताना मला गुळाची चिक्की दिली, मी ती स्कूटी चालवत खाल्ली. वाटलं, आज एक काम धड झालं.

महिना संपल्यावर मी नवा डेस्कटॉप बसवायला तिथे गेले. रेखा दीदीच्या खुर्चीत दुसरीच मुलगी होती.

"पहलेवाली दीदी?"

"उनका रिन्यू नहीं हुआ।"

सर दौऱ्यावर होते. मी मशीन बसवलं, सही घेतली आणि थेट रेखा दीदीच्या घरी गेले. ती कॉलनीतच दोन सेक्टर पलीकडे राहायची. दार तिच्या मुलीने उघडलं. आत रेखा दीदी भाजी चिरायला बसली होती. तिने उठून खुर्चीवरचे कपडे उचलले, मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. एवढं सगळं झाल्यावर बोलली.

तुझा रिपोर्ट संस्थेत गेला, म्हणाली. तिथून प्रश्न आला की वीज गेली होती तर मशीन प्लगमधून काढलं का नाही. सरांनी उत्तर दिलं: उपकरणाची जबाबदारी ऑपरेटरची होती. झालं. रिपोर्टात दुसरं काही कारणच नव्हतं, मग जबाबदार कोण उरलं? व्होल्टेज आणि ती. त्यातलं व्होल्टेज काही संस्थेच्या पटावर नव्हतं.

"आपने वो कॉपी नहीं दिखाई? जिसमें टाइम लिखती थीं?"

"दिखाई। सर बोले, यह तो आपके ही ख़िलाफ़ जाएगी। इसमें लिखा है कि बटन आप हिलाती थीं।"

"आपको कहना था कि मैंने कहा था।"

"कहा। बोले, रिपोर्ट में तो ऐसा कुछ नहीं है। दस्तख़त भी मेरे हैं।"

मी म्हटलं, "दीदी, मैंने आपके ख़िलाफ़ एक शब्द नहीं लिखा।"

"हाँ," ती म्हणाली. सुरीने भोपळ्याचं साल काढत होती, ते काढतच राहिली. "मेरे लिए भी नहीं लिखा, बिटिया।"

तिच्या मुलीने विचारलं, चहा ठेवू का. मी नको म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी एकपानी पत्र लिहिलं. लाल बटण ११५ वर करायला मी फोनवर सांगितलं, तारखेसह. ही आमच्या कंपनीची नेहमीची पद्धत आहे. ट्रान्सफॉर्मर बदलणार हे मला माहीत होतं, मी कळवलं नाही. ऑपरेटरने सांगितल्याप्रमाणेच केलं. यूपीएसची बॅटरी सहा महिने मेलेली होती आणि त्याची तक्रार आमच्याच जुन्या कॉल रिपोर्टात आहे. खाली माझी सही. संस्थेच्या आवक विभागात दिलं, प्रतीवर शिक्का घेतला. तिथल्या बाबूने वाचून विचारलं, "मैडम, यह आप अपने ही ख़िलाफ़ दे रही हैं?" मी हो म्हटलं. "पहले देना था," तो म्हणाला. त्या अख्ख्या संस्थेत मला भेटलेलं सरळ बोलणारं माणूस ते एकच.

उत्तर आलं नाही. मी दोनदा गेले. पहिल्यांदा कळलं की पत्र संबंधित विभागाकडे आहे. दुसऱ्यांदा कळलं की कंत्राटी कर्मचारी संस्थेचे नसतात, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे असतात, तेव्हा पत्र तिकडे द्यावं. एजन्सीत कळलं की त्यांनी कुणाला काढलेलंच नाही. फक्त मुदत संपली. म्हणजे रेखा दीदीला कुणीच काढलं नाही. ती आपोआप गेली, जसा कम्प्यूटर आपोआप जळला.

ठोसर सरांचा रिपोर्ट वेळेवर गेला. मंडळाच्या कार्यक्रमात ते भेटले, आईशी बोलले, माझ्याशी नाही. आई घरी येऊन म्हणाली, "चार मराठी घरं आहेत इथे, त्यातही तू वैर धरतेस." मी तिला म्हटलं, आपल्यातली म्हणून माझ्याकडून काय करून घेतलं ते आधी ऐक. तिने ऐकलं. मग म्हणाली, "मला आधी का नाही विचारलंस?"

त्रिवेदीजींनी मला कामावरून काढलं नाही, संस्थेच्या कॉलवर पाठवणं तेवढं बंद केलं. दुकानात लाल बटणाचा इलाज आता कुणी सांगत नाही. व्होल्टेज सुधारलंय म्हणून. चूक कळली म्हणून नव्हे.

रेखा दीदी सध्या एका शाळेजवळ युनिफॉर्म शिवते. मी दोन ऑफिसांत तिचं नाव सांगून पाहिलं. दोन्हीकडे विचारलं, आधीची जागा का सुटली. मी खरं कारण सांगितलं. खरं कारण ऐकायला फार वेळ लागतो, लोकांना तेवढा वेळ नसतो.

मी दोन गोष्टी शिकले. फोनवर सल्ला दिला की त्याच मिनिटाला तो स्वतःच्या नावाने मेसेज करून पाठवते, म्हणजे उद्या समोरच्याच्या हातात काहीतरी असतं. आणि कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहिते, बहुतेक वेळा माझं किंवा आमच्या कंपनीचं. त्रिवेदीजी दर वेळी तो कागद हातात घेऊन चष्मा पुसतात. आणखी एक कार्बन घालून काढलेली चौथी प्रत मी घरी ठेवते.